अनुजाच्या उजव्या डोळ्याची लेन्स

गारगोटी,
१० ऑक्टोबर २०२४

चि. सौ. पूर्णिमा हिस,

जोतीरामदादाचे आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा मात्र तिच्यापेक्षा जास्त बोलतो.

काल फोनवर तू जे सांगितलंस ते मी दुकानात बसून कागदावर मांडून बघितलं. तरी बसत नाही. शाळेच्या तपासणीत अनुजाच्या उजव्या डोळ्याला उणे आठ नंबर निघाला आणि डावा डोळा ठणठणीत निघाला, इथपर्यंत समजलं. आठ वर्षांची पोर इतके दिवस एकाच डोळ्यानं जग बघत होती आणि आपल्यापैकी कुणाला कळलं नाही, हे समजलं पण पटलं नाही. पण त्यापुढं डॉक्टरीणबाई म्हणतात चष्मा नको, लेन्स लावा, आणि तीही एकच, इथं माझी गाडी अडते. चष्म्याला दोन काचा असतात. मग लेन्स एकच का? दुकानदारानं जोडी फोडून अर्धी दिली नाही ना, याची खात्री कर. आणि एवढ्या लहान मुलीच्या डोळ्यात रोज बोट घालायचं? आपल्या आकारामअण्णांच्या पोरानं कॉलेजात लेन्स लावली होती, पण ती मिशा फुटल्यावर.

तू म्हणशील, दादाला सगळ्यात नाक खुपसायची सवय. आठवीत शाळा सुटली तरी बॅटरी, मोटर, इन्व्हर्टर यातलं जे येतं ते मी कुणाला विचारून नव्हे, पुस्तकं उघडून आणि यंत्रं खोलून शिकलोय. म्हणून सांगतो, गोष्ट मुळापासून समजल्याशिवाय हात लावू नये. तेव्हा मला नीट लिहून कळव. फोनवर तुझं अर्धं लक्ष कुकरकडं असतं, म्हणून पत्र. ते कोल्हापूर गाडीच्या कंडक्टरकडं देतोय, सोबत पावट्याच्या शेंगा आहेत.

अमरसिंहरावांना रामराम, तुझ्या सासूबाई शालूमावशींना नमस्कार. माया आहे तशी ठेव, आणि पत्र शेवटपर्यंत वाचत जा.

तुझा दादा
जोतीराम


कोल्हापूर, मंगळवार पेठ
१५ ऑक्टोबर २०२४

ति. दादास,

पूर्णिमाचा नमस्कार. शेंगा मिळाल्या. पत्र शेवटपर्यंत वाचलं, दोनदा वाचलं, कारण तुझ्या एका वाक्यात चार प्रश्न असतात.

दुकानदारानं फसवलेलं नाही. डॉ. मदिहांनी मला चित्र काढून समजावलं. उणे आठच्या काचेतून वस्तू बारीक दिसते. एका डोळ्याला बारीक आणि दुसऱ्याला नेहमीएवढी दिसली की मेंदूला दोन्ही जुळवता येत नाहीत, मग तो बारीकवाली सोडून देतो. लेन्स बुबुळावरच बसते, त्यामुळं फरक फार पडत नाही. डावा डोळा चांगला आहे, त्याला काही नको. आणि हे आत्ताच करायचं, कारण उजव्या डोळ्यानं बघायला मेंदू लहानपणीच शिकतो. आणखी काही वर्षं गेली तर नंबर काढूनही उपयोग नाही, असं त्या स्पष्ट बोलल्या. रोज थोडा वेळ डाव्या डोळ्याला पट्टीही बांधायची आहे.

मला हे तिथं दवाखान्यात सगळं पटलं. घरी आले आणि पुन्हा गोंधळ. शालूआत्तींचं म्हणणं, काच सरकून डोळ्यामागं गेली तर काढणार कोण. मी सांगितलं की मागं जायला वाटच नसते. त्यावर त्या म्हणाल्या, तू कधी जाऊन बघून आलीस? ह्यांचं तर काहीच ठरत नाही. सकाळी माझ्या बाजूनं असतात, जेवताना आईच्या. लेन्स पोरीच्या डोळ्यात मी घालते तेव्हा दोघंही दाराशी उभे असतात, आणि अनुजा त्यांना सांगते की तुम्ही श्वास घ्या.

दिवाळीत ती तुमच्याकडं यायचं म्हणते. मी सोडायला येईन तेव्हा वहिनीला सगळं दाखवीन. हात साबणानं धुवायचे, पुसायचे, रात्री लेन्स डबीत ठेवायची, डबीत रोज नवं सोल्युशन. बाटली सोबत देते. पंधरा दिवस डोळ्यावर नजर ठेव एवढंच, दादा. घरी मी एकटी पडलेय. लेन्सनं काही झालं असं दिसलं, की ती बंदच होईल.

वहिनीच्या गुडघ्याला शेक द्या. तुमचा जीव आमच्यावर आहे तो असाच राहू दे.

पूर्णिमा


गारगोटी,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. पूर्णिमास,

आशीर्वाद. अनुजा सुखरूप पोचल्याचं तू फोनवर सांगितलंस. घर सुनं झालंय. तुझी वहिनी तिच्या मोकळ्या ताटलीकडं बघून मलाच रागावते.

आता लेन्सचा सविस्तर वृत्तांत. तू गेल्यावर वहिनीनं पहिल्याच सकाळी हात जोडले, म्हणाली देवाच्या डोळ्यात बोट घालीन पण हिच्या नाही. म्हणून ते काम मी घेतलं. केसासारखी तार गुंडाळणारी बोटं आहेत ही. पहिल्या प्रयत्नात बसली. अनुजा म्हणाली मम्मीपेक्षा मामाचा हात हलका. तू मनाला लावून घेऊ नकोस.

बाटलीची मात्र गोष्ट आहे. पाडव्याला सहज मनात आलं, ह्यात कंपनी देते तरी काय? मीटरची दोन टोकं त्या सोल्युशनमध्ये धरली, तर काटा हलला! म्हणजे त्यात क्षार आहेत. बॅटरीत असलं पाणी मी कुणाला घालू देत नाही, पोरीच्या डोळ्यात कसं घालू? मग दुकानातला डिस्टिल पाण्याचा कॅन घेतला. कोरा, सीलबंद, अॅसिडच्या कपाटापासून लांब ठेवलेला, तेव्हा ती शंका काढू नकोस. त्यात टोकं धरली, काटा जागचा हलला नाही. ह्याच्याइतकं निर्मळ पाणी आख्ख्या भुदरगड तालुक्यात मिळायचं नाही. बाटलीतलं उरलेलं ओतून टाकलं, ती धुतली आणि काठोकाठ भरून ठेवली. तुझ्याकडं आली ती तीच. संपली की सांग, कॅन शिल्लक आहे.

शेवटी शेवटी अनुजा म्हणायची, लेन्स चिकटते, झोंबते. फटाक्यांच्या धुरानं असणार. मी गल्लीतल्या पोरांना दम दिलाय.

खुशाली कळव. आठवण ठेवतेस हे माहीत आहे, तरी लिहून ठेव म्हणजे बरं.

दादा


कोल्हापूर,
१८ नोव्हेंबर २०२४

ति. दादास,

नमस्कार. काय लिहू आणि कुठून सुरू करू ते कळत नाही.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच अनुजाचा डोळा लालभडक झाला होता. उजेड सहन होईना, उघडायला लावला की पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, लेन्सला पाणी लागलं का, नळाचं, विहिरीचं, कुठलंही. मी छातीठोक सांगितलं, थेंबसुद्धा नाही, बाटलीतल्या सोल्युशनशिवाय आम्ही काही वापरत नाही. सगळं बरोबर करूनही असं का झालं, हे त्यांनाही उमजेना. घरी आले तर तुझं पत्र टीव्हीवर ठेवलेलं.

बाटलीचं वाचलं आणि तशीच परत दवाखान्यात पळाले. त्यांना सगळं सांगितलं, बाटलीही दिली. त्यांनी लगेच औषध बदललं आणि बुबुळावरचा नमुना तपासायला पाठवला. पाण्यातले काही जंतू डोळ्याला फार वाईट, म्हणाल्या. लेन्स कचऱ्यात गेली. मला अजून उलगडत नाही. तू म्हणतोस ते पाणी शुद्ध. त्या म्हणतात डोळ्याला ते चालत नाही. दोघांपैकी कुणीच खोटं बोलणारं नाही. मग माझ्या पोरीला हे झालं कशानं?

घरात मात्र कुणालाच शंका नाही. आत्तींनी ठरवून टाकलंय की हे लेन्समुळं झालं. हेही म्हणतात, आता बंद, मोठी झाल्यावर बघू. मोठी झाल्यावर उपयोग नाही हे मी सांगते तर म्हणतात, होता तो डोळा तरी राहू दे. डॉक्टर म्हणतात डोळा बरा झाला की नवी लेन्स लावायलाच हवी, नाहीतर आधीचं सगळं वाया.

तुझं नाव मी घरी अजून घेतलेलं नाही. घेतलं तर माझ्या माहेराचा उद्धार होणार, आणि पोरीला पुन्हा कधी गारगोटीला सोडणार नाहीत. नाही घेतलं तर लेन्स बंद. काल फोनवर मी नुसती रडले. मी काय करू, दादा?

राग नाही. तसं वाटलं तरी माया कमी झाली असं समजू नकोस.

पूर्णिमा


गारगोटी,
२८ नोव्हेंबर २०२४

ति. शालूमावशी यांस,

जोतीराम बाळकू याचा साष्टांग नमस्कार. मी तुम्हाला आजवर कधी पत्र लिहिलेलं नाही. पूर्णिमाला न विचारता लिहितोय. अमरसिंहरावांकडून वाचून घ्यावं.

अनुजाच्या डोळ्याला जे झालं ते लेन्सनं झालेलं नाही. तुमच्या सुनेनंही काही चुकवलेलं नाही. बाटलीतलं औषध मी ओतून टाकलं आणि त्यात बॅटरीत घालायचं पाणी भरलं. कुणाला न विचारता. पूर्णिमाला ते माझ्या पत्रातून कळलं, आणि कळल्याबरोबर तिनं डॉक्टरांना सांगितलं. तुम्हाला सांगितलं नाही ते मला वाचवायला. तिला बोल लावू नये.

मंगळवारी मी कोल्हापुरात येऊन गेलो. तुमच्या दारात यायला तोंड नव्हतं, म्हणून स्टँडवरून थेट दवाखान्यात गेलो. पिशवीत तो कॅन आणि मीटर घेऊन गेलो होतो. खरं सांगतो, भांडायला गेलो होतो. डॉ. मदिहांनी पेशंट थांबवून माझं ऐकलं. काटा हलत नाही हे मी त्यांना करून दाखवलं. मग त्यांनी मला विचारलं, मामा, ह्या मीटरवर जंतू दिसतात का? बाटलीतलं औषध ते मारतं, हे पाणी मारत नाही. आणि डोळ्यातलं पाणी खारट असतं, म्हणून लेन्सचं पाणीही तसंच लागतं, बिनक्षाराचं पाणी ती शोषते, फुगते आणि बुबुळाला धरून बसते, असं त्यांनी सांगितलं. मी ज्याला भेसळ समजलो तीच कामाची होती.

मावशी, मला हे सगळं कळलंय असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर पाणी जितकं निर्मळ तितकं चांगलं हेच मी गिऱ्हाइकांना सांगत आलो. गाडीत येताना सगळा रस्ता विचार करत होतो, अजून डोक्यात नीट बसत नाही. पण माझ्या डोक्यात बसत नाही म्हणून ते खोटं होत नाही, आणि तोवर पोरीचा डोळा थांबणार नाही. तपासणीत वाईट जंतू निघाले नाहीत, हे त्यांनीच सांगितलं. बुबुळावरची जखम भरत आलीय.

शिक्षा द्यायची तर मला द्यावी. अनुजाला माझ्याकडं पाठवू नका, पुढच्या भाऊबीजेला मी येऊ नये म्हणालात तर येणार नाही. पण तिची लेन्स बंद करू नका. तेवढ्यासाठी हे पत्र.

लोभ मागायचा माझा हक्क नाही. पूर्णिमावर असावा.

आपला
जोतीराम


कोल्हापूर,
२० डिसेंबर २०२४

प्रिय मामास,

अनुजाचा नमस्कार. हे पत्र आज्जी सांगते आणि मी लिहिते. तिनं सांगितलंय की आपलं शब्द बदलायचं न्हाईत.

जोतीराम, तुमचं पत्र मिळालं. अमरनं दोनदा वाचून दाखवलं. पयल्यांदा मी लई शिव्या दिल्या, त्या हितं लिवत न्हाई, पोरगी लिवतीया. दुसऱ्यांदा ऐकलं तवा शिव्या सरल्या. माझ्या सुनंनं तुमचं नाव झाकलं, त्येचा राग मला तुमच्यावरच्या रागापेक्षा जास्त आला. मी काय खानार हुते व्हय तिला? बाप्या मानसानं आपल्याला कळत न्हाई असं लिवून दिल्यालं मी ह्या वयात पयल्यांदा ऐकलं. आमच्यातलं कोन देत न्हाई. आता पोरीचा डोळा निवळलाय. सोमवारी नवी लेन्स लावली. ही रोज नवी लावायची, रात्री काढून टाकायची. बाटलीच न्हाई, तवा तुमाला हात घालायला काय उरलं न्हाई. मला अजून बी त्या काचेचं काय कळत न्हाई, पर मी दाराशी हुबी ऱ्हाते. उन्हाळ्यात पोरगी गारगोटीला येनार हाय. मी संगं येनार, बघायला.

आज्जीचं संपलं. आता माझं.

मामा, डॉक्टरनी उजव्या डोळ्यानं एकट्यानं वाचायला आणि लिहायला सांगितलंय. आधी पट्टी बांधली की मला पानावर काहीच दिसायचं नाही, नुसतं पांढरं. आता ओळी दिसतात, पण अक्षरं एकमेकांत घुसतात. ह्याच्या पुढचं मी डाव्या डोळ्याला पट्टी बांधून लिहिणार आहे. मम्मीनं मदत केलेली नाही.

मामा मी अनुजा आहे. हे मी उजव्या डोळ्यानं लिहिलं. तुला वाचता येतंय का ते कळव.