लघवीला दोन टोकने

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
प्राथमिक शिक्षण विभाग

विषय : पहिलीच्या वर्गातील 'चिमुकली बँक' उपक्रमात लघवीला जाण्यासाठी लावलेले शुल्क आजच बंद करण्याबाबत.

संदर्भ : माझे याआधीचे दोन अर्ज. (उत्तर नाही.)

महोदय,

शाळेतल्या मावशींनी मला फाटकाशी थांबवून सांगितले होते, "ताई, तुमची पोर दिवसभर जागची हलत नाही. लघवीलासुद्धा. जरा बघा." मी अर्थशास्त्राची पदवीधर. हसून म्हणाले, "शिस्तीची आहे हो ती!" हा माझा गुन्हा मीच आधी नोंदवते, म्हणजे शाळेला शोधायचे कष्ट नकोत.

२. उपक्रम असा. सोमवारी प्रत्येक मुलाला दहा टोकने मिळतात. खोडरबर उसना घेतला तर एक जाते, खिडकीजवळ बसायचे तर एक, तास चालू असताना लघवीला जायचे तर दोन. शुक्रवारी उरलेली टोकने 'बचत' म्हणून फलकावर चढतात. मधल्या सुट्टीत जाणे फुकट आहे, असे मुख्याध्यापिकाबाई ठासून सांगतात. बत्तीस मुले, दोन संडास, दहा मिनिटे, त्यातच डबा. पैशांचे गणित शिकवणाऱ्यांनी एवढे गणित करून पाहायला हरकत नव्हती.

३. माझ्या सहा वर्षांच्या मुलीने मात्र केले. पाणीच प्यायले नाही, तर खर्चच नाही. भरलेली बाटली तशीच घरी येऊ लागली. मला वाटले, थंडी आहे. मग ताप आला, लघवी करताना ती किंचाळू लागली. डॉक्टरीणबाईंनी जंतुसंसर्गाचे निदान केले आणि तिला विचारले, "बाळा, दाबून का धरायचीस?" ती म्हणाली, "दोन वाया जातात ना."

४. मी शाळेत गेले. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मागितली असती तर उधार दिली असती. एकच टोकन व्याज असतं." पहिलीच्या मुलांना लघवीसाठी कर्जाची सोय आहे, हे ऐकून ऊर भरून आला. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "अहो, पैशाची किंमत लहानपणीच कळायला हवी." कळली, औषधांची पावती सोबत जोडली आहे. उपक्रम इतका संस्कारक्षम असेल, तर तो आठवडाभर शिक्षकांच्या खोलीत राबवावा, अशी नम्र सूचना. मुख्याध्यापिकाबाईंनी खाते आधी उघडावे.

५. मुलगी अजून अंथरुणावर आहे. काल शाळेने तिला घरपोच प्रमाणपत्र पाठवले : बचतीत वर्गात दुसरी. मी लगेच फोन करून विचारले, पहिले कोण आले? कार्यालयातून उत्तर मिळाले, "खातेदाराची माहिती देता येत नाही."

महोदय, उपक्रमाची चौकशी आपण सवडीने करा. परंतु माझ्या मुलीपेक्षाही जास्त टोकने साठवणारे एक मूल त्या वर्गात आज बसले आहे. मला त्याचे नाव सांगत नाहीत, आपल्याला सांगतील. कृपया आजच जाऊन त्या लेकराला पाहून या.

आपल्या उत्तरावर आता विसंबून न राहणारी,
पहिलीतल्या एका मुलीची आई
(सही)
दिनांक : १२ डिसेंबर

सोबत : डॉक्टरांचे पत्र, औषधांची पावती, प्रमाणपत्र (मूळ प्रत, परत नको).