सासऱ्यांचा पूर्ण विश्वास

१२ सप्टेंबर, गुरुवार
उद्यापासून आइस हॉकीचा सीझन. डोकं शांत. प्लॅन तयार. हाउकिसालमीतलं हे शेवटचं वर्ष, असं सकाळी बायकोला, सातूला, सांगितलं. ती म्हणाली, गेल्या वर्षीचंही शेवटचंच होतं. बायकांच्या लक्षात नको ते राहतं.

गणित सोपं आहे. टीम पहिल्या चारांत आली की फिनलंडच्या दक्षिणेतले मोठे क्लब मला कोच म्हणून बोलावणार. मग तुर्कू नाहीतर ताम्पेरे. स्वतःचं घर, स्वतःची किल्ली. सासऱ्यांच्या डोक्यावरच्या या दोन खोल्या एकदाच्या सुटतील. इतकी वर्षं घरजावई म्हणून काढली, आणि गावात लाकडाची वखार असलेले सासरेच क्लबचे चेअरमन. घरी तेच, रिंकवर तेच. गावातले लोक म्हणतात की मला नोकरी सासऱ्यांमुळे लागली. साफ खोटं. आलेल्या अर्जांत माझा अर्ज सर्वांत चांगला होता. दुसऱ्या माणसाने त्याचा मागे घेतला, तो भाग वेगळा.

रात्री वाटाण्याचं सूप. गुरुवार आहे ना, इथे घरोघरी तेच. सासूबाई गेल्यापासून काउको, म्हणजे सासरे, स्वतः शिजवतात. सूप फुंकत त्यांनी विचारलं, यंदा कितवे येणार. मी म्हटलं, चौथे तरी नक्की. ते म्हणाले, मोहरीची बाटली जरा इकडे सरकव.

संकल्प: रेफरीवर ओरडायचं नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
२–६. हरलो, पण दुसऱ्या पिरियडच्या सुरुवातीला माझी सिस्टिम जी काय चालली, वा. माझा असिस्टंट तेम्मू म्हणतो, तेव्हा त्यांचे दोघं पेनल्टी भोगत बाहेर बसले होते. या तेम्मूला चांगलं काही बघवत नाही.

रेफरीवर ओरडलो. पण तो आंधळा होता, त्यामुळे हे धरायचं नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार
अजून एकही जिंकलेली नाही. नशीब आमच्या बाजूने नाही, बर्फही मऊ आहे. काल पक, म्हणजे आमची रबरी चकती, दोनदा गोलच्या पोलला लागला. आमच्याच पोलला, पण लागला.

शनिवार, म्हणून घरी सौना, वाफेची आंघोळ. सौनात देवळात वागावं तसं वागायचं. आवाज चढवायचा नाही, वाद घालायचा नाही, नोकरीचं रडगाणं गायचं नाही. सासरे हे पक्कं जाणून आहेत. म्हणून महत्त्वाचं जे काय असेल ते सौनातच बोलतात. वरच्या फळीवर बसून त्यांनी तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. माझे कान भाजले. मग म्हणाले, वेसा, माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे.

 चेअरमनने कोचवर पूर्ण विश्वास दाखवला की कोच महिन्याभरात घरी बसतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि मी तर आधीच त्यांच्या घरी बसलोय. आणखी कुठे बसू?

९ नोव्हेंबर, शनिवार
अजून काढलेलं नाही.

कालची मॅच. समोरच्या टीमवर पेनल्टी ठरली होती. अशा वेळी पक त्यांच्याकडे जाईपर्यंत शिट्टी वाजत नाही, म्हणून शहाणा कोच आपला गोलकीपर बाहेर बोलावतो आणि एक जास्तीचा फॉरवर्ड आत सोडतो. मी शहाणाच आहे. बोलावला. आमच्या डिफेन्सवाल्याने मागे पास दिला. मागे कुणी नव्हतं. पक सावकाश घसरत, रस्ता विचारत विचारत गेल्यासारखा, आमच्या रिकाम्या जाळ्यात जाऊन बसला. अख्खं स्टेडियम त्याच्याकडे बघत होतं. कुणी काही करू शकलं नाही.

नीलो, आमचा गोलकीपर, समंजस पोरगा. विचारत होता, पुढच्या वेळी मी नुसता तिथे उभा राहिलो तर चालेल का. म्हटलं, डावपेच तुझ्या डोक्यावरून जातात, तू पक अडव. तो म्हणाला, तेच तर.

सौनात पुन्हा पूर्ण विश्वास. पाठ शेकून निघाली.

६ डिसेंबर, शुक्रवार
फिनलंडचा स्वातंत्र्यदिन. रीतीप्रमाणे खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या. दुपारी तीनलाच बाहेर मिट्ट काळोख. मेणबत्त्यांकडे बघत सातू म्हणाली की तिने तुर्कूच्या एका दवाखान्यात अर्ज केलाय, एप्रिलपासून जागा आहे, आणि मिळाली तर ती जाणार. इथे तिचा जीव गुदमरतो. लहानपणीच्या खोलीच्या बरोबर वरच्या खोलीत म्हातारं व्हायचं नाहीये तिला. बाबांना यातलं काही माहीत नाही. मला विचारलं, तू येशील ना.

म्हटलं, हे काय विचारणं झालं. तिने माझा हात धरला. बऱ्याच दिवसांनी धरला. मला फार बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

आता प्रश्न एकच. राजीनामा देता येत नाही. आपणहून पळालेल्या कोचला कुत्रं विचारत नाही. काढून टाकलेल्याची निदान लोकांना दया येते, आणि दयेवर नोकऱ्या मिळतात. म्हणजे त्यांनी मला काढायला हवं. टीम तळाला आहेच. नव्या प्लॅनला इतकी तयार टीम कुठल्या कोचला मिळाली असेल?

४ जानेवारी, शनिवार
जिंकलो. लागोपाठ तिसरी. काय म्हणावं या पोरांना? सगळा सीझन ऐकलं नाही, आणि आता ऐकायला लागले. तेम्मू म्हणतो, मी तापाने अंथरुणात होतो आणि ट्रेनिंग त्याने घेतलं, म्हणून. योगायोग.

१६ जानेवारी, गुरुवार
पुन्हा हरायला लागलो. गाडी रुळावर.

सातूला नोकरी मिळाली. सूप पिताना तिने बाबांना सांगून टाकलं. काउकोंनी चमचा खाली ठेवला. नंतर पॅनकेक खाल्ला, जॅम न लावता. एवढंच. आमच्याकडे याला आकांत म्हणतात.

१८ जानेवारी, शनिवार
सौना. वाफेतून आवाज आला की क्लबच्या कमिटीने माझा करार आणखी तीन वर्षांसाठी वाढवलाय.

सौनात वाद घालता येत नाही. बाहेर आल्यावर बोलायचं ठरवलं. बाहेर येताच ते तळ्यावर गेले आणि नेहमीप्रमाणे बर्फात पाडलेल्या भोकातून पाण्यात उतरले. काठावर टॉवेल गुंडाळून थांबलो. उणे एकवीस. दाढेवर दाढ बसेना. ते पाण्यातून निवांत बघत होते. शेवटी घरात पळालो. मी कपडे घालून खाली येईपर्यंत ते झोपलेही.

सोमवारी मात्र स्पष्ट बोलणार.

२० जानेवारी, सोमवार
सही केली. नाही म्हणायलाच गेलो होतो, पण त्यांनी कॉफी दिली, दालचिनीचा पाव दिला, आणि पेन माझ्या हातात कसं आलं कळलं नाही. तशी काळजी नाही. उलट, करार असलेल्या कोचला बाजारात वजन असतं. सातूला सवडीने नीट समजावून सांगेन. कागदही सवडीने वाचेन.

२२ जानेवारी, बुधवार
सातूने गावच्या पेपरात वाचलं.

२५ जानेवारी, शनिवार
ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही.

काल बोलली. तीन वर्षं, एवढंच म्हणाली. मी बाजारातल्या वजनाचं समजावलं. ती ऐकत होती आणि उन्हाळ्याचे कपडे खोक्यात भरत होती. माझे उन्हाळ्याचे कपडे तिने भरले नाहीत. जागा नसेल.

८ फेब्रुवारी, शनिवार
काल मोजणीत गफलत झाली. बर्फावर आमचे सहा जण सापडले, गोलकीपर सोडून. पाच असतात. पेनल्टी, आणि त्यातच गोल. दुसऱ्या पिरियडमध्ये पुन्हा सहा. तेम्मू म्हणतो, मीच दोनदा ‘जा’ म्हणालो. मी ठणकावून म्हणालो, हे प्रोत्साहन असतं.

शेवटी प्रेक्षक पाय आपटून ओरडायला लागले, कोच हटाव. ऊर भरून आला. लोकांना कळतं. मी आशेने वर चेअरमनच्या खुर्चीकडे बघितलं. ते टाळ्या वाजवत होते. माझ्याकडे बघून.

आज सौनात नियम मोडला. आयुष्यात पहिल्यांदा. विचारलं, तुम्ही मला काढत का नाही? टीम रसातळाला गेली, गाव हसतंय, आणि तुम्ही टाळ्या वाजवता.

त्यांनी पळीने पाणी घेतलं, ओतलं नाही. मग म्हणाले, “तुला काढलं तर तू जाशील. तू गेलास की सातू जाईल. मग सूप मी कुणासाठी शिजवू?”

हॉकीचा एक शब्द नाही. पण अर्थ उघड आहे. माझ्याशिवाय त्यांना करमणार नाही. म्हातारा लाजाळू, सरळ म्हणवत नाही. मी मात्र खालच्या फळीवर उतरून बसलो. उष्णता असेल.

१५ मार्च, शनिवार
सीझन संपला. तळाला. पुढच्या वर्षी खालच्या लीगमध्ये. परतीच्या बसमध्ये नीलो खिडकीला डोकं टेकून रडत होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. खालच्या लीगमध्ये आपण पहिले येऊ, हे आकड्यांनिशी समजावलं. तो उठून मागे गेला.

बर्फ वितळायचं नाव नाही. रस्ता, तळं, छप्पर सगळं एकच. कधीकधी वाटतं की गावाने मला झाकण लावून ठेवलंय. हे दमल्यामुळे. उद्यापासून रोज पळायला जाणार.

१६ मार्च, रविवार
निसरडं होतं.

३० मार्च, रविवार
सातू गेली.

गाडी भरून झाल्यावर बाबांच्या गळ्यात पडली. एरवी आम्ही कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही. मग माझ्यापाशी आली. म्हणाली, “वेसा, शेवटचं विचारते. येतोस का? पुढची सीट मी मोकळी ठेवलीय.”

सीट खरंच मोकळी होती. तिच्यावर तिने पिशवीसुद्धा ठेवली नव्हती. मी म्हटलं, आत्ता क्लब संकटात आहे, माझ्याशिवाय तिथे पान हलत नाही, करार आहे, निदान एक सीझन. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पान हलतंय की नाही ते बघत असावी. मग म्हणाली बरं, आणि घरात जाऊन कॉफीचं मशीन घेऊन आली आणि त्या सीटवर ठेवलं. पट्टाही लावला.

गाडी वळणापाशी दिसेनाशी झाली तरी आम्ही दोघं अंगणात उभे. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. जावईबापू, सासरे म्हणाले, आत चला, गारठाल. आयुष्यात पहिल्यांदा जावईबापू म्हणाले. टोमणा होता की माया, कळलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार
सूप. त्यांनी सवयीने तिघांचं शिजवलं. तिसरा वाडगा मांडला, मग उचलून आत ठेवला.

मी पुढच्या सीझनचा विषय काढला. नवी सिस्टिम, दोन त्रिकोण, मोहरीच्या बाटलीने आणि मीठदाणीने मांडून दाखवली. त्यांनी पूर्ण बघितली. मग शांतपणे म्हणाले की वखार पुतण्याच्या हवाली केलीय, चेअरमनपद सोडलंय, नवा चेअरमन शुक्रवारी येतो आणि कोच त्याचा तो नेमणार. आजपासून तू मोकळा, म्हणाले.

म्हटलं, करार आहे, तीन वर्षांचा. ते म्हणाले, टीम खालच्या लीगमध्ये घसरली की करार आपोआप संपतो, चौथं कलम, वाच. मी म्हटलं, पण तुमचा पूर्ण विश्वास.

“सातू गेली,” ते म्हणाले. “आता तुला ठेवून काय करू?”

मोहरीची बाटली त्रिकोणातून उचलून त्यांनी सूपात मोहरी पिळली.

५ एप्रिल, शनिवार
सारासार विचार केला. कधीकधी माणसाने नोकरीपेक्षा संसार मोठा मानावा. मी क्लब सोडायचं ठरवलंय. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

सातूला फोन केला. सावकाश, एकेक शब्द जोखून सांगितलं, की रात्रभर झोपलो नाही, क्लबने थांबायची गळ घातली, पण मी ठाम राहिलो, कारण तू. तिने मधे एकदाही अडवलं नाही. फोन कटला की काय, असं वाटलं.

मग म्हणाली, बाबांनी गुरुवारीच फोन केला होता.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.   शेवटी म्हटलं, मग आता? ती जराशी हसली, का सुस्कारा सोडला, फोनवर कळत नाही. म्हणाली, ये रे. ये.

डोळ्यांत पाणी आलं. लपवायला समोर कुणी नव्हतं. सुटलो, असं वाटलं. हा बर्फ, या दोन खोल्या, तो विश्वास, सगळ्यातून. म्हटलं, उद्याच्या ट्रेननेच निघतो.

ती म्हणाली, ट्रेन कशाला. फ्लॅट दोन खोल्यांचा आहे, एक मी बाबांना दिलीय, ते एकटे कसे राहणार तिकडे. ते उद्या गाडीने निघतायत, कायमचे. त्यांच्याबरोबरच ये, वाटेत त्यांना सोबत होईल.

खाली जाऊन सासऱ्यांची गाडी बघून आलो. सामान भरून तयार आहे. पुढच्या सीटवर त्यांनी टीव्ही बांधलाय. मला मागे, सूपाच्या पातेल्याशेजारी जागा ठेवलीय.