पाण्याखाली वारा नसतो

रिंकॉन, बोनेर
गुरुवार

थोरले बंधू सेबियो यांस धाकट्या क्लोतिल्डाचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर बोलली. का, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा, मगालीसवहिनींचा रक्तदाब आणि तुमच्या रॉटरडॅमचं ते कायम ओलं आभाळ, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करते. मी इकडे खुशाल आहे. म्हणजे आज आहे. मंगळवारी दुपारी थोडा वेळ नव्हते, आणि हे पत्र त्या थोड्या वेळाबद्दलच आहे. शेजारीण उद्या विमानाने तिकडे निघाली आहे, तिच्या हाती देते, म्हणजे रविवारच्या आत तुला मिळेल.

रविवार मी विसरलेली नाही. तू फोनवर म्हणालास की तुझ्या नातीला, रुडसेलाला, सुट्टीत डायव्हिंग शिकायचंय, तेही किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरून, कारण होडीत पाय ठेवला की पोरीला उलट्या होतात. (ही आपल्या आईची देणगी. आई तर नुसती बंदरावर उभी राहिली तरी हिरवी पडायची.) साबा बेट तिनं आधीच वगळलं, तिथं डोंगर सरळ समुद्रात उतरतो, होडीवाचून गत नाही. उरलं आपलं बोनेर आणि उरलं शेजारचं बेट कुरसाव. कुरसावला वहिनींची बहीण ग्वेंडेलिन, आणि ग्वेंडेलिनकडे ती थंडगार हवेची खोली. तिचे फोटो तिनं म्हणे उशीच्या अभ्र्यासकट पाठवलेत. पाठवू दे बापडी. पण रविवारी पोरगी तिकीट काढणार, आणि तू अगदी पाद्रीबाबांच्या आवाजात मला म्हणालास, "क्लोती, तू तिथं राहतेस. नवशिक्या पोरीला तिथला किनारा सुरक्षित आहे का, खरं सांग. तू म्हणशील तिथं पाठवतो."

"हो" माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. कारण असं, दादा, की पोरगी इकडे यावी असं मला फार वाटतं. समोरचे दोन दात पडलेली, माझ्या परकराला धरून फिरणारी रुडसेला मी शेवटची पाहिली, त्यानंतर फोटोच. तुझा फोन ठेवल्या ठेवल्या मी पाहुण्यांची गादी उन्हात टाकली. ज्या बाईनं उत्तर द्यायच्या आधी गादी उन्हात टाकली, तिच्या उत्तरावर कोण विश्वास ठेवील? मी तर ठेवला नसता. शिवाय मला ठाऊक काय होतं? आपण रिंकॉनची माणसं. समुद्री चाच्यांना दिसू नये म्हणून आपल्या पूर्वजांनी गाव दरीत लपवलं, आणि तेव्हापासून आपण समुद्राला तोंड दाखवलेलं नाही. समुद्राकडून मला मासा हवा असतो, तोही साफ केलेला. उभ्या आयुष्यात मी पाण्यात डोकं घातलं नव्हतं. तेव्हा ठरवलं, आधी आपण जाऊन बघायचं, मग लिहायचं.

एर्मेलिनाचा पोरगा रिग्नाल्ड (शाळेत माझ्या वेणीला गोचिडी सोडायची तीच एर्मेलिना) डायव्हिंग शिकवतो. त्याला सांगितलं तर तो या मावशीला हसला. "टिया क्लोती, तुम्ही आपला शनिवारी बकऱ्याचा रस्सा, तो स्टोबा, करून विका, मला एक वाटी बाजूला ठेवा, बस्स. हे तुमचं काम नाही."

"मग काय तुझ्या आईचं काम आहे? चल, ते नळकांडं दे इकडं."

डॉक्टरची चिठ्ठी आणली. कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसून नळीतून श्वास घ्यायला शिकले. (देवळातसुद्धा मी इतका वेळ गुडघ्यांवर बसलेली नाही, पाद्रीबाबांना सांगू नकोस.) इथला पहिला नियम असा की पाण्याखाली कुणीही एकटं जायचं नाही, प्रत्येकाला एक जोडीदार. माझ्या वाट्याला आला वाउटर, एक लांबलचक डच हिशेबनीस, उन्हानं उकडलेल्या खेकड्यासारखा लाल. मंगळवारी, पाण्यात शिरायची जागा दाखवणारा रस्त्याकडेचा पिवळा दगड असतो, त्यापाशी उतरलो आणि आमचं तिथंच वाजलं. हा गृहस्थ गाडीच्या काचा वर करून कुलूप लावायला लागला! मी म्हटलं, काचा खाली कर, आत काही ठेवू नकोस, नाहीतर चोर काच फोडेल.

"उघडी गाडी? चोर काय मूर्ख आहे का?"

"मूर्ख नाही, म्हणून तर उघडी ठेवायची."

त्यानं काचा खाली केल्या, पण पावाची पिशवी आतच ठेवली. मग पाण्यात शिरताना, पाठीवर ते लोखंड आणि पायाखाली फुटक्या कपबश्यांसारखी खडखडणारी पोवळी, त्यानं मला हात पुढे केला. मी घेतला नाही. दोनदा आपटले, पण घेतला नाही.

खाली गेल्यावर मात्र, खरं सांगते, मी त्याला विसरले. निळे-हिरवे पोपटमासे पोवळं कुरतडतात त्याचा आवाज येतो, कुणीतरी पातेल्याच्या तळाला लागलेली मक्याची फुंची खरवडतंय असा. इतक्यात वाउटरच्या पाणचष्म्यात पाणी शिरलं. तो पाय झाडायला लागला, वाळूचा लोट उठला, आणि रिग्नाल्डनं मला तळहात दाखवला: इथंच थांबा. मी थांबले. पण शेजारून एक माशांचा सरपंच गेला, चांदीचा, माझ्याएवढा लांब, आणि जाताना त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी वळून त्याच्याकडे पाहिलं. मग थोडं त्याच्या मागे. मग पुन्हा वळले. माझा चष्मा आतून धुरकटलेला, आणि चारी बाजूंना सारखंच निळं.

मी घाबरले नाही, कारण घर कुठं हे आपल्याला डोळे मिटूनही कळतं. या किनाऱ्याला वारा बारमाही एकाच बाजूचा, तो तोंडावर घेतला की समोर जमीन, पाठीवर घेतला की समोर समुद्र. मी हनुवटी वर करून वाऱ्याची वाट पाहिली. दादा, पाण्याखाली वारा नसतो. लहानपणापासून तो गालावर आहे, म्हणून तो कुठं नसेल असं कधी मनातच आलं नव्हतं. तेव्हा मात्र मी घाबरले. अंदाजानं एका बाजूला पोहत निघाले, तर खालची जमीन उतरत चालली आणि निळं काळं होत चाललं. हवेचा काटा लाल रेघेकडे सरकत होता. मला हाक मारायची होती आणि माझ्या, क्लोतिल्डाच्या, तोंडात रबर होतं! आणि मनात काय आलं असेल? की गादी उन्हातच राहिली. घरात वाट बघणारं कुणी नाही, माझं दार वाजणार ते शनिवारी, स्टोबा घ्यायला माणसं येतील तेव्हा. तोवर गादी तशीच पडून राहील.

मागून कुणीतरी माझा हात धरला. वाउटर होता, आणि त्याच्यामागे रिग्नाल्ड. वाउटरच्या चष्म्यात अजून अर्धं पाणी होतं. किनाऱ्याला लागेपर्यंत मी तो हात सोडला नाही. त्याच्या मनगटावर माझ्या नखांच्या खुणा आहेत.

"टिया, 'इथंच थांबा' म्हणजे तुम्हाला काय वाटलं?" वर आल्यावर रिग्नाल्ड ओरडला.

"मी थांबलेच होते. समुद्र पुढे गेला."

वाउटर एवढंच म्हणाला, की जोडीदाराशिवाय वर जायचं नाही असं शिकवलंय ना, म्हणून त्यानं चष्मा तसाच सोडून रिग्नाल्डला माझ्याकडे ओढलं. आणि मी भरकटून भरकटून गेले होते किती लांब? आपल्या चुलीपासून बकऱ्यांच्या कुंपणापर्यंत. गाडीपाशी गेलो तर उघड्या खिडकीतून एक गाढव वाउटरचा पाव खात होतं. काच मात्र शाबूत होती.

तेव्हा तुला हवं असलेलं खरं उत्तर असं: किनारा सुरक्षित आहे, पाणी संथ आहे, नवशिक्या पोरीनं चालत आत शिरावं. फक्त माशांच्या मागे जाऊ नये आणि पुढे केलेला हात घ्यावा. माझ्याकडच्या पाहुण्यांच्या खोलीतला पंखा आवाज करतो, पण फिरतो. रुडसेलाला पाठव.

वहिनींना सांग, ग्वेंडेलिनबद्दल माझ्या मनात काही नाही. तुझ्या गुडघ्याला शेक देत राहा, आणि बहिणीची आठवण ठेव.

तुझी,
क्लोती

ता. क. रिग्नाल्डनं आईची शपथ घेऊन सांगितलं की कुरसावचे किनारेही नवशिक्यांना तितकेच चांगले आहेत. हे वर लिहायचं राहिलं. मुद्दाम राहिलं.

ता. क. २. वाउटर शनिवारी मायदेशी परत जातोय. जोडीदार नसेल तर मला पाण्यात सोडणार नाही, असं रिग्नाल्ड म्हणतो. मला पुन्हा जायचं आहे. पोरीला कुरसाव आवडलं तर खुशाल जाऊ दे, तिचं वय आहे, तिला जोडीदार कुठेही मिळेल. दादा, तू ये. पाण्याखाली कुणी एकटं राहायचं नाही असा नियम आहे, वर जमिनीवर तसा नियम कुणी केलेलाच नाही. आणि गुडघ्याचं कारण सांगू नकोस. पाण्यात माणसाला वजन नसतं, मी बघून आले आहे.