पूर्वेची भिंत

सोनाकोरो
ता. ५ मार्च १९९८

ती. नूहूमदादास,
धाकट्या कोरोचा सलाम वि. वि.

तुझं पत्र आणि वहिनीने पाठवलेलं कापड, दोन्ही पोचलं. ते आणणारा ड्रायव्हर आपल्या घराण्याशी थट्टेचं नातं असलेल्या कुळातला निघाला. दारातूनच बाबांना ओरडून म्हणाला, काय रे चवळीखाऊ, अजून जिवंत आहेस होय? बाबांनीही सांगितलं, की तुझ्या घरची चवळी संपल्याशिवाय कसा जाऊ. खूप दिवसांनी हसले, म्हणून मुद्दाम लिहिते.

हसण्यासारखं बाकी काही नाही. दादा, यंदा मशिदीचा दर वर्षीचा मातीचा गिलावा होणार नाही. तुझ्या आबिजानमधले ते हाजी तिदियानी, आपल्याच गावचे, आता मोठे व्यापारी, त्यांनी मागच्या महिन्यात नमाजानंतर उभं राहून जाहीर केलं, की सगळी मशीद सिमेंटने मढवून वर टाइल्स लावून देतो. एकदा केलं की नातवंडांनासुद्धा चिखलात हात घालायला नको. लोकांनी नुसता गजर केला. इमामसाहेबांनी मात्र बाबांना विचारलं; चाळीस वर्षं गावच्या गवंड्यांचे ते प्रमुख, त्यांना विचारायलाच हवं. बाबा म्हणाले, मातीची भिंत पाऊस पिते आणि उन्हात तो सोडून देते. तिला वरून बंद केलंत तर आत शिरलेलं पाणी जाईल कुठे? त्यावर हाजींचा पुतण्या म्हणाला, म्हाताऱ्याचा धंदा बसला म्हणून भिंतीला तोंड फुटलं. आणि सगळे हसले रे. ज्या अंगणात बाबा आले की लोक उठून जागा द्यायचे, त्या अंगणात हसले.

काल तर कहर झाला. आबिजानहून आलेल्या ब्रू नावाच्या मुकादमाच्या माणसांनी भिंतींतून बाहेर आलेले ताडाचे वासे करवतीने कापून टाकले. बकऱ्याची शिंगं कापावीत तसे. त्या वाशांवर पाय ठेवूनच आपली माणसं वर चढतात, गिलावा करतात. आता वर जायचं कशावरून? मी वर्गात होते. करवतीचा आवाज ऐकून मुलं पळाली, त्यांच्यामागे त्यांची बाईही.

बाबा तिथे उभे होते. ब्रू माणूस वाईट नाही. त्याने त्यांना अदबीने कामाचा नकाशा दाखवला. बाबांनी तो बराच वेळ पाहिला. मग त्याची एक प्रत मागून घेतली, घडी करून सदऱ्यात ठेवली आणि घरी आले. तेव्हापासून या विषयावर एक अक्षर नाही. वासे कापले त्यापेक्षा मला याचाच धक्का बसलाय.

तू सिमेंटमधला माणूस. हाजींना जाऊन भेट. तुझं ऐकतील. पोरांना माझ्या वाटचे पापे.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
कोरो

*

आबिजान
ता. २४ मार्च १९९८

चि. कोरोतूमूस अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र मिळालं. मास्तरीण झालीस तरी रडण्याची सवय गेली नाही म्हणायची! अगं, जग कुठे चाललंय बघ. इथे आठ-आठ मजली मशिदी उभ्या राहतात आणि कुणी त्यांना दर वर्षी चिखल फासत बसत नाही. बाबांचं वय झालं. त्या वाशांवर चढताना एखाद्या वर्षी पडले असते तर? मला विचारशील तर हाजींनी पुण्याचं काम केलं आहे. चार महिन्यांनी हिरव्या टाइल्स उन्हात चमकायला लागल्या, की तूच मला लिहिशील, दादा, गाव किती सुंदर दिसतंय.

बाबांना समजाव. फार बोलायला लागले तर विषय बदल. आणि हो, त्या नकाशाबद्दल ते काही म्हणाले का? सहज विचारतो.

तुझी वहिनी बरी आहे. धाकट्याला दात येतायत, घर डोक्यावर घेतलंय. सुकवलेले मासे मिळाले तर पाठव, इथल्या माशांना समुद्राचा वास येतो.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
नूहूम

*

सोनाकोरो
ता. ८ मे १९९८

ती. दादास सलाम वि. वि.

मासे याच टोपलीत आहेत. मिरची वेगळी बांधलीय.

मशिदीचं काम संपलं. आत गेलं की भट्टीत शिरल्यासारखं वाटतं. पूर्वी भर दुपारी तिथे गारवा असायचा, म्हातारे नमाजानंतर तिथेच कलंडायचे. आता ते पटकन उठून झाडाखाली जातात, पण बाहेर आल्यावर म्हणतात, काय छान केलंय!

गिलाव्याचा दिवस परवाच्या मंगळवारी यायचा होता. आला आणि गेला. ढोल नाही, चिखल नाही, बायकांची पाण्याच्या घड्यांची शर्यत नाही. दर वर्षी नदीकाठचे आणि बाजाराकडचे एकमेकांना चिखल फासून वर्षभराची भांडणं मिटवायचे. यंदा दोन्हीकडचे आपापल्या घरी बसून राहिले. मी शाळेत पाढे घेतले.

बाबा रोज सकाळी मशिदीच्या पूर्वेच्या भिंतीला कान लावून उभे राहतात. बोटाच्या पेराने ठोकतात, एक हात सरकतात, पुन्हा ठोकतात. पोरं त्यांच्यामागे तशीच ठोकत फिरतात. लोक म्हणतात, बामोय मिस्त्रींचं डोकं फिरलं.

आता मला एक सांग. टाइल्स हिरव्या असणार हे तुला कसं कळलं? त्या नावेतून उतरल्या एप्रिलमध्ये. तोवर इमामांनासुद्धा रंग माहीत नव्हता. मी तुझं मार्चमधलं पत्र पुन्हा काढून वाचलं, रंग तिथे लिहिलेलाच आहे. मी भलतंच काही मनात आणत असेन तर कानाला धरून सांग.

उत्तराची निकड आहे, आळस करू नकोस.

कोरो

*

आबिजान
ता. १ जून १९९८

चि. कोरोस आशीर्वाद.

मासे फार छान होते. कामाची घाई आहे म्हणून दोनच ओळी. हाजींशी माझी ओळख आहे, बोलण्याच्या ओघात त्यांनी रंग सांगितला असेल. एवढ्या तेवढ्यावरून शंका काढू नयेत. पाऊस सुरू झाला असेल. बाबांना नदीकाठी जाऊ देऊ नकोस, त्यांची छाती भरते.

सवडीने लिहितो. राग नसावा.

नूहूम

*

सोनाकोरो
ता. २३ ऑगस्ट १९९८

दादा,

सलाम. बाकीचा मायना राहू दे.

परवा शुक्रवारी मशिदीची पूर्वेची भिंत पडली. मधल्या मिनारासकट. मेलं कुणी नाही. हे आधी लिहिते म्हणजे तू पुढचं वाचू शकशील.

यंदा जुलैपासून पाऊस थांबलाच नाही. टाइल्सवर एक ओरखडा नव्हता. धुऊन निघालेली हिरवीगार मशीद बघून लोक बाबांना मुद्दाम विचारायचे, काय मिस्त्री, श्वास घेते ना भिंत? ते ठोकत पुढे सरकायचे. शुक्रवारी सकाळी नेहमीसारखे ठोकायला गेले आणि थोड्याच वेळात धावत घरी आले. बाबा धावताना मी कधी पाहिले नव्हते. म्हणाले, आतून आवाज येत नाही, भिंत लापशी झालीय. इमामसाहेबांकडे गेले तर ते शेजारच्या गावी, मयतीला. हाजींच्या पुतण्याने दार लावून घेतलं.

मग बाबा मशिदीच्या मोठ्या दारात जाऊन आडवे झाले. नमाजाची वेळ, सगळं गाव आलेलं. बाबा म्हणत होते, माझ्या अंगावर पाय देऊन ज्याला आत जायचं असेल त्याने जावं. लोकांना ते सहन होईना. कुणी म्हणालं, जळतोय म्हातारा. कुणी म्हणालं, अल्लाच्या दारात असा तमाशा! पुतण्याने येऊन त्यांना बखोटीला धरलं. मी मध्ये पडले, मला ढकललं. पण दादा, त्यांना ओलांडून जायचं धैर्य एकालाही झालं नाही. म्हातारे हातात चपला घेऊन तसेच उभे राहिले. शेवटी बाजूच्या छोट्या मशिदीत नमाज पढू म्हणून लोक वळले.

तेवढ्यात आवाज झाला. मोठा नव्हता. ओलं पोतं जमिनीवर टाकावं तसा. टाइल्स आधी सुटल्या, सगळ्या एकदम, आणि त्यांच्यामागून भिंत अक्षरशः ओघळली. जिथे पहिल्या तीन रांगा बसतात तिथे छातीएवढा चिखल.  मुकादम ब्रू कामाची पाहणी करायला आलेला होता; तो आपल्याच तोंडावर मारून घ्यायला लागला.

भिंतीच्या ओढीने दारावरची तुळईही शेवटी सुटली, ती बाबांच्या उजव्या हातावर आली. मनगटाचा चुरा झालाय. हाडवैद्य म्हणतो, जेवता येईल, थापी धरता येणार नाही.

काल इमामसाहेब आले. गाव जमलं. हे काम कुणी आखलं ते सांगा, त्याच्या हातांना शाप द्यायचा आहे, असं म्हातारे म्हणू लागले. ब्रूने तोंड उघडलं, तोच बाबा मध्ये बोलले. म्हणाले, शाप मला द्या. प्रमुख मी होतो, शेवटी मी गप्प बसलो, म्हणजे परवानगी माझीच. मी घरी आल्यावर त्यांच्यावर ओरडले, की जे केलं नाही ते अंगावर का घेता? तेव्हा त्यांनी डाव्या हाताने उशीखालून तो नकाशा काढून दिला. त्याच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत, बोटांनी ओढाव्यात तशा. आपल्या घराण्याची विटांवरची खूण. अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, पण ती खूण त्यांनीच तुझं बोट धरून तुला शिकवली होती.

मार्चपासून त्यांना माहीत होतं, दादा. मी विचारलं, मग ओरडून का नाही सांगितलंत? म्हणाले, लोकांनी पोराच्या हातांना शाप दिला असता. मग म्हणाले, आणि मला वाटलं, पोरगा एवढा लांब जाऊन शिकलाय, आपल्याला माहीत नसलेलं काही त्याला माहीत असेल.



कोरो

*

आबिजान
ता. ६ सप्टेंबर १९९८

कोरो,

तुझं पत्र साइटवर उघडलं.  माणसं विचारत होती, साहेब, काय झालं. त्यांना घरी पाठवलं आणि हे लिहायला बसलो.

हो, ते काम माझं. हाजींकडे मी स्वतः गेलो होतो. मी आखलं नसतं तर दुसऱ्याने आखलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला माझ्या गावात माझी मशीद उभी राहिलेली हवी होती. नाव लपवलं, कारण बाबा माझ्या तोंडावर नाही म्हणतील याची भीती. काम पार पडलं, सगळे वाहवा करायला लागले, की नाव सांगायचं असं ठरवलं होतं.

कच्च्या मातीवर सिमेंट बसत नाही, हे मला माहीत होतं का? नव्हतं. विचारलंही नाही. विचारायचं कुणाला, तर बाबांना! बाबांना वाटलं मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं, आणि मलाही तेच वाटत होतं. ते वाक्य तू लिहायला नको होतंस. नाही, लिहिलंस ते बरं केलंस.

तीन रांगा. पहिल्या रांगेत बाबाच बसतात ना?

सोबत वेगळं पाकीट आहे, इमामसाहेबांच्या नावाचं. त्यात सगळं लिहिलंय, माझ्या सहीने. ते शुक्रवारी अंगणात, सगळ्यांसमोर वाचायला सांग. बाबा अडवतील, त्यांचं ऐकू नकोस. गाव माझ्या हातांना जे म्हणेल ते म्हणू दे. इथलं आवरून मी निघेन, पण मला गावात येऊ देतील की नाही, ते आधी कळव.

बाबांना काय लिहू ते सुचत नाही. त्यांना माझा सलाम सांगू नकोस. तो मी तिथे येऊनच करीन.

नूहूम

*

सोनाकोरो
ता. ४ ऑक्टोबर १९९८

चि. नूहूमास बामोय मिस्त्रीचा आशीर्वाद.

कोरोच्या हातून लिहितो आहे. तिने मध्ये आपलं शहाणपण घालू नये, असं तिला बजावलं आहे.

तुझं पाकीट इमामसाहेबांनी अंगणात वाचलं. मी अडवलं होतं, माझं कुणी ऐकलं नाही. वाचून झाल्यावर हाजींचा पुतण्या उठून गेला. मग नदीकाठची म्हातारी फांता, ती अजून आहे, तिने बायकांमधून मोठ्याने विचारलं, की हा पोरगा पायांनी चिखल तुडवायला येणार की बुटांनी त्याचे तळवे नासवले? तेव्हा लोक हसले. तेव्हाचं, माझ्यावरचं हसणं वेगळं होतं. शापाचं पुन्हा कुणी काढलं नाही.

बाकीच्या तीन भिंतींवरचं सिमेंट आम्ही छिन्नीने काढतो आहोत. तुझा ब्रू परत गेला नाही, तोही काढतो. पूर्वेला राडा उपसला तेव्हा खाली कंबरेइतकी भिंत शाबूत सापडली. माझ्या आजोबाची माती आहे. मी तिला ठोकलं, ती बोलते आहे. तिथून वर चढवायचं.

माझा हात गेला, ते तू मनाला लावून घेणार. घे. पण माझ्यासमोर रडत बसू नकोस, मला काम आहे. भाताचा कोंडा घालून माती मुरत ठेवली आहे, ती तीन आठवड्यांत तयार होईल. किती मुरली हे मला डाव्या हाताने कळतं. थापी मात्र तू धरायचीस, आणि मी सांगेन तशी. तुला जे ठाऊक आहे ते मला सांगायचं, मला जे ठाऊक आहे ते मी सांगेन. हे आपण आधीच करायला हवं होतं, त्यात माझीही चूक आहे. बाप असून मी विचारलं नाही.

सुनेला व नातवंडांना आशीर्वाद. येताना बूट घरी ठेवून ये.

बामोय मिस्त्री

ता. क. दादा, हे माझं शहाणपण, बाबा बाहेर गेल्यावर लिहिते. पत्र सुरू करताना बाबांनी तुझ्या नावाआधी चिरंजीव घालायला लावलं. मग म्हणाले, खोड. मी खोडलं. मग खिडकीपर्यंत जाऊन परत आले आणि म्हणाले, नवीन कागद घे, पुन्हा घाल.