भाषण अजून व्हायचंय

पुणे, ५ जून १९९६

ती. अण्णांस,
शुभदाचा शि. सा. न. वि. वि.

नव्या अर्थमंत्र्यांबद्दल अभिनंदन! महिन्याभरात दारावरची पाटी दोनदा बदलली. मधले तर तेरा दिवसांचे पाहुणे. कार्ड आणायला मी पोस्टात जाईपर्यंत त्यांचं सरकारच गेलं. तुम्ही रिटायर होऊन कैक वर्षं झाली, तरी अर्थमंत्री बदलला की अभिनंदन तुमचं करायचं, ही आईची रीत. बजेट छापायला तुम्हाला कोंडायच्या आधी मंत्रालयात हलवा मिळायचा, म्हणून ती मागे आम्हाला शिरा करून घालायची. आज मीही केला. तिच्यासारखा झाला नाही, आणि तिला जाऊन तीन वर्षं झाली हे त्या एका घासाला पुन्हा कळलं.

जयंताच्या नोएडातल्या फ्लॅटमध्ये करमतं ना? आपल्या जुन्या सरोजिनीनगरच्या क्वार्टरचा शेजार तिथे नसणार, पण अरुणा जीव लावते तुम्हाला. माया पातळ होऊ देऊ नका, नाहीतर भांडायला येईन.

तुमची शुभदा


नोएडा, १४ जून १९९६

चि. सौ. शुभदा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

कार्ड पोचलं. इतक्या अर्थमंत्र्यांच्या भाषणांची हिंदी प्रुफं मी वाचली, पण एकाचाही चेहरा जवळून पाहिलेला नाही. तळघरातल्या छापखान्यात आम्हाला त्यांची फक्त वाक्यं भेटत. येणारा प्रत्येक जण परिस्थिती कठीण असल्याचं सांगून सुरुवात करतो आणि पुढच्यासाठी ती तशीच ठेवून जातो.

आता नवे आले, म्हणजे नवं बजेट, म्हणजे पुन्हा कोंडून घेणं आलं. दार बाहेरून बंद. ना पत्र, ना फोन. कोणी काही विचारलं तर आपलं नावसुद्धा सांगायचं नाही, असा माझा स्वतःचा नेम. तिकडे सभागृहात भाषण संपलं की इकडे दार उघडतं. मला ते कधी जाचलं नाही. घरी आपलं माणूस ताट वाढायला थांबलंय हे ठाऊक असलं, की कोंडलेला माणूसही सुखात असतो.

तुझ्या आईला वळकटी उन्हात टाकायला सांगितली आहे. परवा तिचा शिरा जरा पातळ झाला होता, पण तिला कळवू नकोस. उगाच मनाला लावून घेते.

तुझा,
अण्णा


नोएडा, १७ मार्च १९९८

ती. सौ. ताईस,
जयंताचा शि. सा. न.

आमचा फोन महिनाभर मेलेला आहे आणि बूथवरून तुझा लागत नाही, म्हणून हे पत्र. दोन वर्षांपूर्वी अण्णांचं ते पत्र वाचून तू रडलीस, तेव्हा मीच म्हटलं होतं की वय झालं, चालायचंच. आता तसं म्हणायचं तोंड राहिलं नाही. सकाळी मला ओळखतात, दुपारी ऑफिसातला कोणी समजतात. आई नाही हे दर वेळी सांगावं लागतं आणि दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे कोसळतात. आता सांगणंच सोडून दिलंय.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे नवा अर्थमंत्री. टीव्हीवर नाव ऐकलं की त्यांना वाटतं ड्यूटी लागली. गेल्या वर्षी सरकार बदललं तेव्हा वळकटी बांधून निघाले होते. बसस्टॉपवरून धरून आणलं. दोन दिवसांत पुन्हा शपथविधी आहे. मी केबल काढून टाकली, पेपर बंद केला, शेजाऱ्यांनाही बजावून ठेवलंय. देशात माणसं मंत्री व्हायला धडपडतात, आणि आमच्या घरात कोणी मंत्री होऊ नये म्हणून नवस बोलायची पाळी आली आहे.

तेवढं तुझं अभिनंदनाचं कार्ड या वेळी टाकू नकोस. विसरू नकोस हं ताई, बिल्कुल टाकू नकोस.

लोभ आहेच, तो या घरावर जरा जास्त असू दे.

तुझा जयंत


पुणे, १९ मार्च १९९८

ती. अण्णांस,
शि. सा. न.

नव्या अर्थमंत्र्यांबद्दल अभिनंदन! आता पुन्हा बजेट, तयारीला लागा. आईच्या रीतीप्रमाणे शिरा केला आहे, आणि यंदा तो चक्क जमला.

तुमची शुभदा


नोएडा, ३१ मार्च १९९८

ती. सौ. शुभदावन्सं यांस,
अरुणाचा सा. न.

तार मिळालीच असेल. अण्णा सापडले. आता सगळं सांगते.

ह्यांचं पत्र आणि तुमचं कार्ड वाटेतच एकमेकांना ओलांडून गेलं. मी खाली भाजी घेत होते. तेवढ्यात पोस्टमननं कार्ड अण्णांच्याच हातात दिलं. वर आले तर दार सताड उघडं, वळकटी नाही, आणि टेबलावर तुमचं कार्ड. चौकीदार म्हणाला, साहेब ड्यूटीवर जातोय म्हणाले, मी सलाम केला.

मंत्रालयाच्या फाटकावर ते पोचले होते. पास नाही म्हणून आत सोडलं नाही; शिपायांनी पाणी पाजून सावलीत बसवलं आणि घरी जायला सांगितलं. तिथून पुढे कुठे भटकले देव जाणे. तिसऱ्या दिवशी ते हिंदूराव हॉस्पिटलमध्ये सापडले. रस्त्यात पडले होते, पोलिसांनी आणून ठेवलं होतं. नर्सनं मायेनं सांभाळलं त्यांना. नाव विचारलं, पत्ता विचारला, ऑफिस विचारलं. बजेट मांडून होईपर्यंत काहीही सांगता येणार नाही, एवढंच त्यांचं उत्तर. तीन दिवस आम्ही दिल्ली पालथी घालत होतो आणि ते तिथे इमानेइतबारे तोंड मिटून पडले होते.

मला तुमचा राग आला होता, वन्सं. खोटं कशाला बोलू? पण ते कार्ड मीच जिन्यात अडवायला हवं होतं, असंही रोज वाटतं. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, एवढी विनंती.

तुमची अरुणा


पुणे, ६ एप्रिल १९९८

ती. अण्णांस,
शि. सा. न.

अण्णा, माझं चुकलं. कोणी अर्थमंत्री झालेलं नाही, कुठे बजेट नाही, तुम्हाला कुठेही जायचं नाही. मी मेमध्ये येते आहे. तोवर घरातच राहा आणि अरुणाचं ऐका. एवढं ऐका माझं.

तुमची शुभदा


नोएडा, ७ जून १९९८

ती. सौ. ताईस,
जयंताचा शि. सा. न.

तुझं एप्रिलचं पत्र न फोडताच सोबत परत पाठवतो आहे. मेमध्ये तू इथे होतीस तोवर ते दाखवायचा धीर झाला नाही. पत्र पुढे केलं तर अण्णांनी हात मागे घेतला. कोंडलेलं असताना घरची पत्रं घ्यायची नसतात, म्हणाले. तू आठवडाभर त्यांच्या उशाशी बसलीस आणि तुझ्याशी ते एक अक्षर बोलले नाहीत, त्याचंही कारण तेच गं. तुझ्यावर राग नव्हता. बाहेरच्या माणसाशी बोलायचं नाही, हा त्यांचा नेम.

हॉस्पिटलमधून आणल्यापासून मी दाराला बाहेरून कुलूप लावतो. पहिल्या दिवशी वाटलं, आरडाओरडा करतील, दार बडवतील. त्यांनी काही केलं नाही. कुलपाचा आवाज ऐकला आणि समाधानानं वळकटी पसरली. ज्यानं त्यांना कोंडलं त्या पोराला त्यांनी सुपरवायझर समजून नमस्कार केला, ताई. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

या सोमवारी खरं बजेट झालं. अरुणा सांगत होती, शेजारच्यांच्या टीव्हीवर भाषण चालू होतं, भिंतीतून ऐकू येत होतं. अण्णांना मात्र ऐकू गेलं नाही. संध्याकाळी मी घरी आलो तर नेहमीचा प्रश्न: भाषण झालं का? ओठांवर हो आलं होतं. वाटलं, सांगून टाकावं, सुटू दे त्यांना यातून एकदाचं.

पण ते वळकटी उचलतील आणि घरी जायचं म्हणतील. घर म्हणजे हे नव्हे, सरोजिनीनगरचं. तिथे आता दुसऱ्याच कुणाचं बिऱ्हाड आहे. त्यांच्या लेखी आई तिथे ताट वाढायला थांबली आहे.

म्हणून मी त्यांना सांगितलं, भाषण अजून व्हायचंय. बरं म्हणाले, आणि आई जेवायची थांबली असेल म्हणून तिला तेवढा निरोप द्यायला सांगितला. मी देतो म्हटलं. रोज देतो म्हणतो.

तुझा,
जयंत