प्रमिलाचं रक्त फेकू नये म्हणून

प्रति,
मा. प्रमुख संशोधक,
फुफ्फुसविकार संशोधन कक्ष, नागपूर.

विषय: मयत प्रमिला सुधाकर सोमकुंवर यांच्या नावापुढील ‘गैरहजर’ शेरा काढून रक्ताचे नमुने राखून ठेवणेबाबत.
संदर्भ: आपले दि. ३ जानेवारी २०२५ चे पत्र.

महोदया,

अर्जदार सुधाकर सोमकुंवर हे पांढुर्णा येथे नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात नोकरीस असून प्रमिला ही त्यांची पत्नी. माहेर सौसरचे. घरीच शिवणवर्ग घेत असे.

तिच्या खोकल्यावर आधी टीबी समजून औषधे झाली. गुण आला नाही. नागपुरात छातीतल्या गाठीचा तुकडा तपासल्यावर सारकॉयडोसिस हा फुफ्फुसांत गाठी होण्याचा आजार निघाला. तेव्हा आपल्या कक्षाने विचारले, की कोणाची फुफ्फुसे झपाट्याने खालावतील हे रक्तातल्या खुणांवरून (बायोमार्कर) आधीच ओळखता येते का, याचा अभ्यास चालू आहे, रक्त द्याल का? निकाल तिला कळवणार नाही, हेही सांगितले. अर्जदारांना ते पटले नव्हते. प्रमिला म्हणाली, "घेऊ द्या नं. माह्या कामी नाही पडलं, तं दुसऱ्या कोणाच्या पडन."

पुढे ती प्रत्येक खेपेस आली. यंत्रात फुंकून घेरी यायची, तरी तिथल्या ताईंना हसून विचारायची, "मांगच्यापेक्षा बरं झालं का?" बरे कधीच झाले नाही.

आपण कळवता, की शेवटच्या तपासणीस सहभागी गैरहजर राहिल्याने नोंद अपूर्ण आहे, सबब नाव वगळून नमुने नष्ट करण्यात येतील. नम्र निवेदन, की त्या सकाळी ती नवी साडी नेसून तपासणीलाच निघाली होती. पांढुर्णा स्टेशनच्या पुलावर चढताना मधल्या पायरीवर बसली. गाडी लागली तशी म्हणाली, "तुम्ही व्हा समोर, जागा धरा. मी येऊनच राहिली." अर्जदार डब्यात रुमाल टाकून वळले, तोवर पुलावर माणसे गोळा झाली होती.

तिसऱ्या दिवशी अर्जदारांनी कक्षास फोन करून हे सांगितले. पलीकडून पुढची तारीख देण्यात आली.

तरी विनंती, की फुफ्फुसांची ताकद किती उरली तो आकडा हवाच असल्यास शून्य लिहावा. नियमात शून्य बसत नसेल तर जागा कोरी सोडावी, पण गैरहजर लिहू नये. अस्थी जाम नदीत सोडल्या. जिवंतपणीची ती आता तेवढ्या नळ्यांतच उरली आहे. अर्जदारांना त्या परत नकोत. तिने ज्या कामासाठी दिल्या, त्याच कामी लावाव्यात.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
सुधाकर सोमकुंवर
पांढुर्णा, दि. १८ जानेवारी २०२५

सोबत:
१) मृत्यूचा दाखला
२) त्या दिवसाचे नागपूरचे तिकीट, दोघांचे एकच