लाल गाडीची धक्कापार्टी

५ जून २०११, लातूर

ठणठणीत गाडी कधी एका चावीत सुरू होते आणि कधी अजिबात होत नाही, असं का? मला उत्तर देता आलं नाही, तरी नोकरी मिळाली! मन्मथ सरांनी मुलाखतीत हा एकच प्रश्न विचारला. मी म्हटलं, ठाऊक नाही, पण शोधून काढीन. सर हसले.

आज त्यांच्या क्लासवर रुजू झाले. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायचं. अण्णा देगलूरहून लेकीला सोडायला आले होते. दारावरची ‘तनुजा शेषेराव, बी.ई.’ ही पाटी त्यांनी बोट फिरवत मोठ्यानं वाचली, मग पुन्हा वाचली. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच.

क्लास म्हणजे जुन्या तेलगिरणीचं गोदाम आणि पुढं मोठं अंगण. अंगणात सरांची लाल स्पोर्ट्स कार. दोनच सीट, नाक जमिनीला टेकलेलं. रविवारच्या चाचणीत पहिला येईल त्याला सर तीतून शहरात फिरवून आणतात. कल्पना फार आवडली.

१२ जून

गाडी तपासायला हनीफचाचा मेकॅनिक आले होते. त्यांची मुलगी कशिश माझ्या वर्गात, शेवटच्या बाकावर. बडबडी आहे. वडिलांना सगळ्यांसमोर म्हणाली की अब्बा, तुमच्यानं होत नसेल तर मॅडमना पाना द्या. चाचा म्हणाले, “ताई, ही गाडी न्हाई, नवी सून हाय. मनात आलं तरच बोलती.”

बॅटरी नवी. टर्मिनल घासून घेतले, अर्थिंगची वायर बदलली, इंजिन फिरवणारा सेल्फ उघडून साफ केला. चावी फिरवली की एरवी नुसतं ‘टक’ व्हायचं. आज मुलं घरी गेल्यावर पाहिलं, तर दर वेळी सुरू झाली. मी खूश.

१९ जून

आज सगळ्यांसमोर नुसतं ‘टक’.

सरांनी टाळी वाजवली आणि ओरडले, “धक्कापार्टी, चला!” शेवटचे नंबर आलेली मुलं मुकाट उठली आणि गाडी ढकलू लागली. पहिला आलेला मुलगा आत बसून हात हलवत होता. बाकीचे हसत होते. कशिशही ढकलत होती, ओढणी कमरेला खोचून.

मी सरांना सांगितलं, हे बरोबर नाही. ते म्हणाले की मॅडम, लाज वाटल्याशिवाय पोरं अभ्यास करत नाहीत, तुम्ही नव्या आहात. मी वर्गात जाऊन फळा पुसला. रात्रभर स्वतःचाच राग आला.

२६ जून

गाडी दुरुस्त झाली तर ढकलावी लागणार नाही. म्हणून आठवडाभर हात धुऊन तिच्या मागे लागले होते.

इंजिन गरम असो वा थंड, हवा कोरडी असो वा दमट, फरक पडत नाही. अंगण रिकामं असलं की पहिल्या चावीत सुरू. मुलं अंगणात आली की बंद. तेव्हाही सेल्फपर्यंत करंट पूर्ण पोचतो. मीटर लावून पाहिलं. करंट पोचतो आणि सेल्फ फिरत नाही. गाडीत दोष नाही. तिला ढकलूनच घ्यायचं आहे.

हे मी, इंजिनिअर, लिहिते आहे.

आजही मुलांनी ढकललं. नंतर कशिशच्या हातात खडू दिला, तर बोटं बर्फासारखी. चाचणीच्या पेपरवर तिनं गावाचं नाव लिहिलंय पांढरवाडी. तिचा जन्म लातूरचा, घर इथंच गंजगोलाईमागे.

३ जुलै

हनीफचाचांना विचारलं. ते आधी हसले, मग हसेनासे झाले. पांढरवाडी त्र्याण्णवच्या भूकंपात गेली, म्हणाले. ही गाडी तिथल्याच एका कंत्राटदाराची. मदतीला गेलेल्या सरांनी ती तिथून आणली. कशिश तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती.

१० जुलै

आज मी गाडीपुढे उभी राहिले. सरांनी शिपायाकरवी मला बाजूला केलं. मुलांसमोर म्हणाले की मॅडमना घरी जायची घाई झालेली दिसते.

पण आता बोलवावंही लागत नाही. टाळीच्या आधीच मुलं गाडीमागं उभी होती.

नंतर कशिश पायरीवर बसली. मी पाणी दिलं, तिनं चूळ भरून थुंकलं. पाण्यात माती होती. मग ती बोलली. आवाज म्हातारीचा. घराचं मातीचं छत, माळवद, अंगावर पडलं होतं, म्हणाली. वरून पायांचे आवाज आले. आम्ही हाका मारल्या. माणसं खोरी घेऊन थांबली. तेवढ्यात एकजण ओरडला, ते मागून बघू, आधी गाडी काढा. मग सगळ्यांनी गाडी ढकलत आमच्यावरून नेली.

कोण ओरडला, मी विचारलं.

तिनं सरांच्या खोलीकडं पाहिलं.

२४ जुलै

गुरुवारी चाचा तिला क्लासातून काढायला आले. ती त्यांना ओळखेना. म्हणाली, “माझा बाप माळवदाखाली हाय.” चाचा खाली बसले. एवढा मोठा माणूस. माझा हात धरून म्हणाले, “ताई, माझी पोरगी कुठं गेली?”

घरी नेलं. आज चालत परत आली. अनवाणी. गाडीमागे उभी.

७ ऑगस्ट

सरांना तोंडावर विचारलं. नाही म्हणाले नाहीत! म्हणाले की ती माणसं तशीही मेलीच असती. ही गाडी बघून पालक आले. क्लास उभा राहिला. तुमच्यासारख्यांना नोकऱ्या लागल्या.

तुमच्यासारख्यांना —

मी विचारलं, तुम्ही स्वतः कधी ढकललीय?

कधीच नाही. तेव्हाही नाही. फक्त ओरडले.

दोष सापडला.

१४ ऑगस्ट, दुपार

सेल्फची वायर मीच काढली. मुलांना सुट्टी. शिपायालाही. सरांना सांगितलं, दुरुस्त झाली, एकच धक्का हवा, उद्या पंधरा ऑगस्टची मिरवणूक आहे, कोणी नाहीय, तुम्हीच — मी आत बसले. दुसरा गिअर.

ते हसत मागे गेले. हात टेकले.

क्लच सोडला. सुरू.

कशिश फाटकात होती, चाचांच्या हाताला हिसके देत. एकदम थांबली. बापाकडं पाहिलं. म्हणाली, अब्बा, माझ्या चपला कुठायत?

रडत घेऊन गेले तिला.

सर थांबत नाहीत. मी उतरले, ब्रेक लावून. तरी ढकलतायत. चावी काढली. इंजिन चालूच.

फाटकाला बाहेरून कुलूप लावलं. बाहेरच्या पायरीवर बसलेय.

सर हाका मारतायत. वर कोण आहे, म्हणतायत. ऐका ना, म्हणतायत. एकटे नाहीत. पुष्कळ —

पायरी हलतेय. इंजिनामुळे असेल. नाही — समोरच्या घरांच्या भिंतीही —

उघडायचं नाही. मनात येऊ नये म्हणून कुलपाची चावी मी आधीच गटारात